तिसरा गुण

भूतानच्या पारो खोऱ्यात गेमलिंग नावाचं गाव आहे. तिथल्या धनुष्यवाल्यांनी फार मोठे पराक्रम गाजवले असं कुणी म्हणणार नाही. पण त्यांच्याशी सामना ठरला की समोरच्या गावचे पुरुष चार दिवस आधीपासून अस्वस्थ व्हायचे, हे खरं. कारण गेमलिंगकडे थुजी होती, मानानं म्हणायचं तर औम थुजी.

सामन्याला बायकांनी मैदानाच्या कडेला रांग धरायची, आपल्या माणसांचं कौतुक गायचं आणि समोरच्यांची गाऊन गाऊन सालटी काढायची, ही रीतच आहे. गाणाऱ्या सगळ्याच गावांत असतात. पण औम थुजीचं तोंड म्हणजे तोंड होतं. मैदानाच्या त्या टोकाला वीतभर फळी, या टोकाला माणूस दोरी कानापर्यंत ओढून उभा, श्वास रोखलेला, आणि नेमकी त्याच वेळी ही सुरू व्हायची:

"मागच्या खेपी बाण गेला मुळ्याच्या वाफ्यात,
बायको म्हणे बरं झालं, खुरपं राहिलं घरात!"

बाण कुठे जायचा ते सांगायला नको. तो माणूस लालबुंद होऊन स्वतःच हसत सुटायचा. रागवायचं नसतं, जो रागावला तो त्या दिवसापुरता संपला. संध्याकाळी त्याच माणसाच्या वाटीत औम थुजी घरी गाळलेली आरा ओतायची आणि विचारायची, "काय दादा, मुळे कसे निघाले?"

सगळं चालतं, पण एक गोष्ट चालत नाही. आपल्याच बाजूच्या गाणारीला गप्प करायचं नसतं. संघाच्या नायकानं बायकांना 'पुरे' म्हटलं, की त्यानं सामना सोडला. मग बाण उरलेले असोत नाही तर नसोत. नदीपलीकडच्या एका नायकानं डोकं दुखतंय म्हणून आपल्या बायकांना 'पुरे' म्हटलं होतं. त्याला तीस वर्षं झाली. त्या गावचा माणूस बाजारात मिरच्या घ्यायला आला तरी अजून कुणी ना कुणी विचारतंच, "काय हो, उतरलं का डोकं?" गेमलिंगची पोरं हे ऐकतच मोठी होतात. औम थुजीची एकुलती एक लेक ल्हाझोम, तीही ऐकतच मोठी झाली.

ही ल्हाझोम पुढे टेनिस खेळली. आठ-नऊ वर्षं तोच तिचा धंदा होता. गोष्ट तिची आहे, पण आईला वगळून ती सांगता येत नाही.

सहा वर्षांची असताना ल्हाझोमनं बापाचं, गेम्बोचं, धनुष्य उचललं. बाईमाणसानं धनुष्याला हात लावला की बाण भरकटतात. औम थुजीनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला, धनुष्याला धूप दाखवला, तरी पुढच्या दोन सामन्यांत गेम्बोचा एकही बाण फळीला लागला नाही. शेजारच्या औम यांकानं ते पोरीमुळेच झालं असं गावभर केलं. गेम्बो बिचारा शांत माणूस. थिंफूला एका मैदानावर रखवालदार होता, शनिवारी घरी यायचा. मैदानाच्या कडेला टेनिसचं कोर्ट होतं, त्यावर साहेब लोक खेळायचे. असाच एका शनिवारी तो दोन तारा तुटलेली रॅकेट घेऊन आला आणि पोरीच्या हातात दिली.

"घे. याला बाईनं हात लावला तर देव रागवत नाहीत. मी लामांना विचारलंय."

"खरंच विचारलंत?" औम थुजी चुलीपुढून म्हणाली.

"खरंच."

त्यानं कुणालाही विचारलं नव्हतं, हे ल्हाझोमला मोठेपणी कळलं. पण तेव्हा प्रश्न मिटला. पोरगी घराच्या दर्शनी भिंतीवर चेंडू मारायला लागली. आता त्या भिंतीवर, दृष्ट लागू नये म्हणून सगळेच काढतात तसं, चांगलं पुरुषभर उंचीचं लिंग रंगवलेलं होतं, आणि पोरीचा नेम नेमका तिथेच. औम यांका रोज कुंपणावरून ओरडायची, "अगं थुजी, आवर तुझ्या कारटीला! गावातल्या पुरुषांना जेवण जाईना झालंय!"

दहाव्या वर्षी बापानं तिला थिंफूला नेलं. आई गाईंपाशी आणि भातापाशी राहिली. मैदानामागच्या एका खोलीत बापलेक राहायचे, सकाळी मिरच्या-चीजचं कालवण आणि तांबडा भात, रात्रीही तेच. पंधराव्या वर्षी ल्हाझोम देशाची विजेती झाली. हे ऐकून कुणी फार हुरळून जाऊ नये. त्या साली अख्ख्या देशात टेनिस खेळणाऱ्या मुली अकरा होत्या, त्यांतली एक गोवर येऊन घरी बसली होती. सरावाला तोडीची मुलगी नाही म्हणून ती मुलांशी खेळायची. मुलगे हरले की म्हणायचे, आज वारा होता.

खरा खेळ खाली होता, मैदानी प्रदेशात. फुंत्शोलिंगपर्यंत बस, सीमेपलीकडे रेल्वे, मग दोन दिवस, कधी तीन. एवढं करून पात्रता फेरीत पन्नास मिनिटांत हरायचं आणि परत रेल्वे. त्यात आणखी एक फजिती अशी की थिंफूची हवा विरळ. तिथे चेंडू सुटला की सुटलाच, त्याला धरून ठेवावा लागतो. खाली तोच फटका जाळीच्या पायथ्याशी पडतो. ल्हाझोम खाली गेली की पहिले चार दिवस जाळीत मारायची, हात बसेपर्यंत स्पर्धा संपलेली. वर आली की पुन्हा चार दिवस चेंडू कुंपणापार. इतर मुली एक खेळ शिकल्या, ल्हाझोमला दोन शिकावे लागले.

परदेशी मुली विचारायच्या, "भूतान म्हणजे नेपाळातच ना?" पहिली दोन वर्षं ती नकाशा काढून समजावून सांगायची. पुढे 'हो' म्हणायला लागली.

ती एकोणीस वर्षांची असताना गेम्बो वारला. पोटात पाणी झालं होतं. एकोणपन्नास दिवसांचे विधी झाले, टेकडीवर पांढऱ्या पताका लागल्या, आणि औम थुजीनं गाणं सोडलं. कुणाला काही सांगितलं नाही, शपथ वगैरे घेतली नाही. नव्या वर्षाच्या सामन्याला बायका बोलवायला आल्या तर म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी दूध काढून येते." ती आली नाही. पुढच्या वर्षी बायकांनी बोलावलं, तेव्हाही दूधच काढत होती. गेमलिंग दोन्ही वर्षी हरलं. मग बायकांनी बोलवायचं सोडलं.

ल्हाझोमला आईचं ते गप्प होणं बापाच्या जाण्यापेक्षा जड गेलं. बाप गेला तो गेला, त्याचे विधी झाले. आई समोर बसलेली असायची, जेवायला वाढायची, आणि घरात गाईच्या घंटेशिवाय आवाज नाही. टेनिसविषयी ती एकच प्रश्न विचारायची, "लागलं बिगलं नाही ना कुठे?" लेकीचा एकही सामना तिनं पाहिलेला नव्हता.

जगातल्या टेनिसवाल्या बायकांची एक यादी असते. दर आठवड्याला निघते, हजार-बाराशे नावं असतात. त्या यादीत भूतानच्या कुणाही बाईचं नाव कधी लागलेलं नव्हतं. नाव लागायला तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण मिळवावे लागतात, एकेक मिळाला तरी पुरतो. अट एवढीच की मिळालेला गुण एक वर्ष जगतो. वर्ष उलटलं की तो पुसला जातो, जणू तुम्ही तो सामना खेळलाच नव्हता. सहा वर्षं ल्हाझोमनं एकही गुण पाहिला नाही. पंचविसाव्या वर्षी, डिसेंबरात, तिला पहिला मिळाला तो सोलापुरात. समोरच्या मुलीचा पाय मुरगळला, पण गुण तो गुण. त्या रात्री तिथल्या लोकांनी कौतुकानं शेंगदाण्याची चटणी वाढली आणि 'जपून हं, तिखट आहे' म्हणाले. तिनं भातात कालवून अर्धी वाटी संपवली आणि विचारलं, यात मिरची घालायची राहिली का. दुसरा गुण जूनमध्ये, थायलंडात, साडेतीन तास खेळून, स्वतःच्या हिमतीवर.

आता तिसरा हवा होता, आणि तो डिसेंबरात सोलापूरचा पुसला जायच्या आत. मधल्या पाच स्पर्धांत ती पहिल्याच फेरीत हरली. झोपेत दचकून उठायची आणि महिने मोजायची. यादी कुणी वाचत नाही हे तिलाही माहीत होतं, तरी ते नाव तिला हवं होतं, बापाच्या रॅकेटच्या दोन तुटक्या तारांपासून हवं होतं. आणि नोव्हेंबरात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, अशी स्पर्धा थिंफूतच भरली. मुख्य फेरीत तिला थेट जागा मिळाली. पहिला सामना जिंकला की तिसरा गुण.

समोर उझबेक मुलगी आली, दिल्दोरा. चांगली ताडमाड, सर्व्हिस धोंड्यासारखी. पण दोन दिवसांपूर्वीच विमानातून उतरलेली, जिना चढताना धापा टाकत होती. फेडरेशनचे चिटणीस दाशो रिगझिन म्हणाले, "पोरी, तुझ्या घरची हवा आहे. आज नाही तर कधीच नाही." त्यांचं हे बोलणं खरं होतं.

सामना मंगळवारी सकाळी अकराला होता. साडेदहाला मैदानाबाहेर एक बस थांबली आणि तिच्यातून गेमलिंगच्या चौदा बायका उतरल्या. ठेवणीतल्या किरा नेसलेल्या, काखेत लोणीचहाचे थर्मास, गालात विडे. पुढे औम यांका. सगळ्यांत मागे औम थुजी.

"आणलं हिला ओढून," औम यांका जाळीतून म्हणाली. "म्हणे गाय आजारी आहे. म्हटलं लेकीचं नाव यादीत लागायचंय, गाईला घे बसमध्ये!"

औम थुजी कोर्टाकडे बघत होती. "एवढ्याशा जागेत खेळता होय?" ती म्हणाली. "मला वाटलं मोठं मैदान असेल."

बायका खुर्च्यांवर बसल्या नाहीत. धनुष्याच्या सामन्याला उभ्या राहतात तशा कुंपणालगत रांग धरून राहिल्या.

पहिला सेट ल्हाझोम सहा-चार हरली. पाय जड, हात जड. दुसऱ्यातही एक-दोन अशी मागे होती. दिल्दोरा सर्व्हिसला उभी राहिली, चेंडू तीनदा आपटला. ल्हाझोम वाकून वाट बघत होती, आणि तिच्या पाठीमागून तो आवाज आला. सात वर्षांनी, किंचित घोगरा, पण तोच:

"उंच उंच पाहुणी आली, ढगात गेलं डोकं,
चेंडू आला, चेंडू गेला, सांगा तिला लोकं!"

सगळ्या प्रेक्षकांत खसखस पिकली. दिल्दोराचा चेंडू जाळीत गेला. ल्हाझोमनं मागे वळून पाहिलं नाही. तिला भीती वाटली की पाहिलं तर आवाज बंद होईल. पुढचा फटका तिनं असा मारला की तिचा तिलाच पत्ता लागला नाही.

मग काय विचारता! औम थुजीला सात वर्षांचं साठलेलं होतं. बायका मागून ओढत होत्या, ती नवंनवं रचत होती:

"हात केवढे, पाय केवढे, बाई केवढी थोर,
चेंडू बघून पळते जसं मिरचीला भिणारं पोर!"

थिंफूतले कचेरीतले लोक, शाळेची मुलं, चहावाला, सगळे पोट धरून हसत होते. दिल्दोराला शब्द कळत नव्हता, पण हसताहेत ते आपल्यालाच, हे कळायला भाषा लागत नाही. तिची सर्व्हिस बिघडली. पंच श्रीलंकेचा होता, सावळा, नीटनेटका माणूस. त्यानं ध्वनिक्षेपकावरून दोनदा इंग्रजीत शांततेची विनंती केली. थिंफूचे लोक गप्प झाले. गेमलिंगच्या बायकांना वाटलं, तो आकडे सांगतोय. दुसरा सेट ल्हाझोमनं सहा-तीन घेतला.

सेट संपल्यावर दिल्दोरा पंचाशी काही तरी बोलली. पंचानं ल्हाझोमला बोलावलं.

"ही बाई कोण?"

"माझी आई."

"काय म्हणते आहे?"

"गाते आहे."

"ते मला ऐकू येतंय," पंच म्हणाला. "मी दोनदा विनंती केली आहे. ती तुमची माणसं आहेत. खेळ चालू असताना पुन्हा आवाज आला, तर मी तुमचा एक पॉइंट कापीन. त्यांना थांबायला सांगा." तो काही वाईट माणूस नव्हता. नियम होता, त्यानं सांगितला.

ल्हाझोमनं दाशो रिगझिनांकडे पाहिलं. ते जवळच उभे होते, सगळं ऐकत होते.

"साहेब, तुम्ही सांगा ना तिला."

"मी?" दाशो दोन पावलं मागे सरले. "मीही गावाकडचाच माणूस आहे, पोरी. गाणाऱ्या बाईला 'पुरे' म्हणून मी गावी तोंड कसं दाखवू? तुझी आई आहे, तू सांग."

ती कुंपणापाशी गेली. औम थुजीचे गाल लाल झाले होते, केस विस्कटले होते, डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसण्याचं होतं. सात वर्षं ल्हाझोम जो चेहरा शोधत होती, तो हा. चौदाही बायका कुंपणाला येऊन चिकटल्या.

"काय गं?" औम थुजीनं विचारलं. "तो उंचावर बसलेला काय म्हणतोय माझ्याकडे बोट करून?"

'पुरे' हा शब्द ल्हाझोमच्या अगदी ओठावर होता. म्हटलं असतं तर आई थांबली असती, शंकाच नाही. थांबली असती, दूध काढायला गेली असती, आणि पुन्हा उठली नसती. चौदा बायकांसमोर, लेकीनं, हार पत्करल्यासारखं. आणि दुसरीकडे तो गुण होता. ल्हाझोमला तो नको झाला होता असं समजू नका. तिनं मनाशी हिशोब केला, की आई दर वेळी थोडीच खेळ चालू असताना गाते, कधी आधी गाते, कधी नंतर. निभेल. धकून जाईल.

"म्हणतोय, छान गाते," ती म्हणाली.

"बाई बाई बाई!" औम यांकानं कपाळाला हात लावला. "ऐकलंत का? परदेशचा माणूस! थुजी, आता काय तू आमच्याशी बोलतेस!"

"त्याला म्हणावं, अजून पुढे ऐक," औम थुजी म्हणाली.

तिसरा सेट पंचावन्न मिनिटं चालला. औम थुजी गात होती, पण नशीब असं की कधी चेंडू सुटायच्या आधी थांबायची, कधी फटका संपल्यावर सुरू व्हायची. पंच तोंड उघडायचा आणि मिटायचा. ल्हाझोमचा जीव दर पॉइंटला वर-खाली होत होता. पाच-चार अशी ती पुढे गेली. दिल्दोरा सर्व्हिस करत होती, तीस-चाळीस. हा एक पॉइंट मिळाला की सामना, आणि तिसरा गुण, आणि यादी.

पहिली सर्व्हिस बाहेर गेली. दिल्दोरानं दुसरा चेंडू घेतला, बराच वेळ आपटत राहिली, मग हात वर केला. चेंडू हातातून सुटून वर निघाला, आणि सगळ्या मैदानात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असताना:

"उचल बाई, उचल चेंडू, जड झाला का?
चहा आहे थर्मासात, बसून घेतेस का?"

चेंडू जाळीत गेला.

चौदा बायकांनी किंकाळी फोडली. हातात हात धरून त्यांनी तिथेच फेर धरला, धनुष्याचा बाण फळीला लागल्यावर धरतात तसा. प्रेक्षक उठून उभे राहिले. ल्हाझोमनं रॅकेट टाकली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. तेवढा वेळ, श्वास दोन श्वास, तिचं नाव यादीत होतं.

मग पंचानं हात वर केला. खेळात अडथळा. पॉइंट कापला, दिल्दोराला दिला. चाळीस-चाळीस.

ल्हाझोम वाद घालायला गेली नाही. काय घालणार? तिला सांगितलेलं होतं. तिनं रॅकेट उचलली आणि जागेवर जाऊन उभी राहिली. कुंपणापाशी फेर चालूच होता; बायकांना वाटलं, उरलासुरला खेळ उरकून घेताहेत. त्यांनी शेवटचं मंगल गाणंही म्हणून टाकलं. ते संपेतो ल्हाझोम सात-पाच हरली होती.

बाहेर आल्यावर औम थुजीनं तिच्या हातात चहाची वाटी दिली.

"हरलीस?"

"हरले, आमा."

"पण मी तिला चुकवली होती ना? चेंडू जाळीत गेला, मी पाहिला."

"गेला होता. तू चुकवली होतीस."

"मग?"

"नंतरचे तिनं चांगले मारले."

औम थुजीनं मान हलवली. हे तिला पटण्यासारखं होतं. धनुष्यातही असं होतं. तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाऊ दे. बाई ताकदीची होती. लागलं बिगलं नाही ना कुठे?"

त्यानंतरच्या चार आठवड्यांत ल्हाझोम आणखी एका स्पर्धेला खाली गेली, अंगात ताप घेऊन, आणि पात्रता फेरीतच हरली. डिसेंबरात सोलापूरचा गुण पुसला गेला. जूनमध्ये थायलंडचा. नंतर दोन वर्षं ती खेळत होती, पण तीन काही जुळले नाहीत. मग गुडघा गेला. थिंफूच्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका झाली, लग्न केलं, आजही तिथेच आहे. देशाच्या दुसऱ्या कुणाचं नाव यादीत लागलं की नाही, हे ती बघायची, पुढे पुढे तेही सोडलं.

गेमलिंगमध्ये मात्र औम थुजी परत रांगेत आली. त्याच नव्या वर्षाला तिनं नदीपलीकडच्या गावचे सात जण एका सकाळीत नामोहरम केले. संध्याकाळी आरा फिरायला लागली की औम यांका हटकून म्हणायची, "थुजी, ती परदेशी पोरीची सांग!" मग औम थुजी सांगायची, की ताडमाड बाई, तिचा हात वर गेला, मी म्हटलं जड झाला का, आणि चेंडू जाळीत! आणि उंच खुर्चीवर परदेशचा एक मोठा माणूस बसलेला, तो स्वतः म्हणाला, छान गाते. ल्हाझोम गावी असली तर लोक तिच्याकडे बघायचे. ती म्हणायची, "हो, म्हणाला." अकरा वर्षं ती 'हो' म्हणत आली. कधी कधी राग यायचा, हे खोटं कशाला सांगा. रात्री अंथरुणात ती दुखरा गुडघा दाबत पडायची आणि मनात म्हणायची, एक शब्द होता, एक. पण आईला बोलली नाही.

मागच्या हिवाळ्यात औम थुजी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीकडे थिंफूला आली. डोळा बरा झाला, पट्टी निघाली, तेव्हा दुपारी टीव्हीवर टेनिस लागलं होतं. ल्हाझोम वह्या तपासत होती. आई विडा गालात धरून बघत बसली.

"एवढी माणसं जमलीत," ती थोड्या वेळानं म्हणाली, "आणि कुणी गात कसं नाही?"

ल्हाझोमनं पुढची वही उघडली. टीव्हीतला पंच काही तरी बोलला आणि हजारो माणसं एकदम चिडीचूप झाली.

"हा काय म्हणाला?"

"शांत बसा म्हणाला."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

औम थुजी टीव्हीच्या जवळ सरकली. सामना संपेपर्यंत बघत राहिली. प्रत्येक सर्व्हिसच्या आधी माणसं गप्प व्हायची, आणि कुणी चुकून खोकलं तरी पंच त्या बाजूला बघायचा. गालातला विडा तिनं चघळला नाही. सामना संपल्यावर तिनं टीव्ही बंद करायला सांगितला.

"त्या दिवशीचा तो उंचावरचा," ती म्हणाली. "काय म्हणाला होता गं मला?"

ल्हाझोमनं लाल पेन खाली ठेवलं. "छान गाते, म्हणाला."

औम थुजी तिच्याकडे बघत राहिली. नव्या डोळ्यानं तिला सगळं स्वच्छ दिसत होतं.

"तुझ्या आपानंही लामांना विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "मला त्याच दिवशी माहीत होतं."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"तुझं नाव लागलं असतं ना त्या यादीत?"

"लागलं असतं, आमा."

मग औम थुजी रडायला लागली. ती नवऱ्याच्या चितेपाशीही अशी रडली नव्हती. किराचा पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, लहान पोरासारखी. नवा डोळा, त्यात पाणी चालत नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ल्हाझोम उठून तिच्याजवळ गेली, तिचे हात तोंडावरून बाजूला केले, डोळा पुसला.

"पुरे, आमा. पुरे आता."

औम थुजीनं नाक ओढलं आणि ओल्या चेहऱ्यानं लेकीकडे पाहिलं.

"आता म्हणतेस होय?"